बॅटरी उशाला, अंधार रस्त्याला

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री समोरच्या गाडीने अप्पर मारला, तर त्याचा अर्थ लावायला अनुभव लागतो. 'मी येतोय, तू थांब' हा सगळ्यात रूढ अर्थ. 'तू ये, मी थांबतो' असाही एक अर्थ आहे म्हणतात. तो ड्रायव्हिंग स्कूलच्या पुस्तकात भेटतो, रस्त्यावर नाही. 'पुढे पोलीस उभे आहेत' हा तिसरा, आणि अनोळखी माणसाविषयी माणसाला अजून माया वाटते याचा आमच्या भागात उरलेला बहुधा एकमेव पुरावा. मग 'दार नीट लागलेलं नाही', 'पदर बाहेर लोंबतोय', 'ओळखलं का? मेव्हण्यांच्या हळदीला भेटलो होतो' असे पोटअर्थ. ट्रकवाल्यांचं निराळंच. त्यांच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असं रंगवलेलं असतं आणि पुढून ते अप्परवरच येत असतात.

आमच्या फियाटला मात्र सगळे एकाच अर्थाने अप्पर मारायचे: 'अहो, लाईट लावा!'

लाईट लावलेले असायचे.

याच्या उलट प्रकार दिवसा चालतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो आणि बंद करायची सोयच ठेवलेली नाही. हे आमच्या वाशिंदच्या जनतेला अजून मान्य नाही. भर दुपारी स्टेशनकडे निघालेल्या मोटरसायकलवाल्याला नाक्यापासून फलाटापर्यंत माणसं बोटांची उघडझाप करून 'लाईट चालू आहे' म्हणून सांगत राहतात. आधी तो बिचारा मान हलवतो, मग हात करतो, शेवटी समोर बघणंच सोडून देतो. थोडक्यात, ज्याचा दिवा लागलाय त्याला बंद करायला सांगायचं आणि ज्याचा लागलेला नाहीसा दिसतो त्याला लावायला सांगायचं, हे आमचं सार्वजनिक काम. दुसऱ्या गटात आम्ही एकटेच होतो.

आमची गाडी १९९२ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. १९६४ पासून थोड्याफार फरकाने तीच गाडी तिथे बनत होती, १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पण लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांनी गहिवरून मृत्युलेख लिहिले. तेव्हापासून आमच्या गाडीकडे लोक आदराने बघतात. पोरं फोटो काढतात. पेट्रोल पंपावर कुणी तरी 'आमच्या वडिलांकडे होती' म्हणून बॉनेटवरून हात फिरवतो. हे सगळं सूर्यास्तापर्यंत. त्यानंतर ती दिसत नाही आणि तिला दिसत नाही.

मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. इतकी वर्षं आम्ही ती जत्रा न चुकता केली, त्यात भक्तीचा वाटा होताच. पण परतीच्या रस्त्यावर चंद्र असतो याबद्दल आम्ही म्हसोबाचे विशेष ऋणी आहोत. अमावास्येच्या आसपासची लग्नपत्रिका आली की आमच्याकडे तब्येती बिघडत.

जुन्या गाडीचे दिवे मंद असणं हे काही फक्त आमचंच दुःख नव्हे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांच्या कंपनीने इंग्रजांच्या पिढ्यान् पिढ्यांना मोटारीचे दिवे पुरवले आणि त्या बदल्यात इंग्रजांनी लुकासना 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी दिली. लुकासच्या स्विचला तीन जागा असतात, अशी त्यांच्यातली जुनी थट्टा आहे: बंद, मंद आणि मिणमिण. ज्या लोकांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्यांना हेडलाइटची फिकीर नसावी, हे ठीकच झालं. आमच्या तालुक्यात मात्र सूर्य रोज मावळतो, माहुलीच्या कड्यांवर उजेड जरा रेंगाळतो इतकंच.

तर दिवे मंद आहेत हे एकदा जाहीर झाल्यावर सल्ले सुरू झाले. या बाबतीत वाशिंद हे गाव मोठ्या मनाचं आहे.

पहिला सल्ला मेव्हण्यांचा: "शंभर-नव्वदचे बल्ब टाका." आमच्या गाडीत मूळचे पंचेचाळीस-चाळीस वॅटचे बल्ब. त्यांच्या जागी १००/९० टाकले की उजेड दुप्पट, असं साधं त्रैराशिक. मेव्हण्यांचं आयुष्यच या तत्त्वावर चालतं. पंखा हळू फिरतो तर मोठा पंखा, मुलगा नापास झाला तर मोठा क्लास. दुसरा सल्ला भाच्याचा. त्याने मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बांचं चित्र दाखवलं. त्यांना मागे पंखा होता. "मामा, हे लावलंत की चंद्रावरनं दिसेल." चंद्रावरून आमची गाडी कुणाला बघायची होती ते त्याने सांगितलं नाही. तिसरा सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सॲपवरचा: काचेला टूथपेस्ट चोळा. हा उपाय खोटा नाही. हल्लीच्या गाड्यांच्या दिव्यांवर प्लास्टिकचं आवरण असतं, ते उन्हाने पिवळं पडतं, आणि टूथपेस्टच्या बारीक कचीने थोडं घासून निघतं. पण फियाटचा दिवा म्हणजे सात इंची गोल, खऱ्या काचेचा. चोळल्यावर त्याला पुदिन्याचा वास आला, बाकी काही नाही.

चौथा सल्ला म्हणजे पुढे दोन पिवळे फॉग लॅम्प. तो देणाऱ्या गृहस्थांच्या स्वतःच्या जीपवर इतके दिवे आहेत की गणपतीत मंडळवाले ती भाड्याने मागतात.

यातल्या बऱ्याच सल्ल्यांच्या आड कायदा येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ क्रमांकाचा नियम आहे. त्याचं म्हणणं असं, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर सरून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसाला तो दिपवणार नाही. मला या माणसाची काळजी वाटते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणजे हा गृहस्थ रात्रीच्या वेळी जवळजवळ रस्त्याच्या मधोमध येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभा आहे, आणि १९८९ पासून उभा आहे. एलईडीवाल्यांनी त्याला कधीच आंधळा केला असणार. कारण साध्या बल्बची तार जिथे असते तिथलाच प्रकाश पकडून खाली वळवायचा, असा दिव्याच्या परावर्तकाचा आकार ठरवलेला असतो. त्यात भलत्याच जागेवरून उजळणारा एलईडी खोचला की उजेड रस्त्यावर कमी आणि आंब्याच्या झाडांवर, वटवाघळांवर आणि समोरून येणाऱ्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जास्त पडतो. दुरून लोकांना वाटतं, काय दिवे आहेत! चालवणाऱ्याला खड्डा दिसत नाही तो नाहीच.

शेवटी आम्ही गाडी वायरमनकडे नेली. हा मुलगा महामार्गाच्या कडेला टपरीत बसतो, बोलतो कमी, आणि त्याच्याकडे एक मीटर आहे. बाकीच्यांकडे मतं होती.

त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: १३.६ व्होल्ट. मग दिवे लावून, बल्बच्या मागच्या होल्डरमध्ये टोकं खुपसून पाहिलं: १०.४.

"काका, बल्ब मोठा टाकून काय करनार? करंट तर वाटेतच संपतोय."

वाट कुठली ते त्याने दाखवलं, आणि मी मिनिटभर बॉनेटला टेकून उभा राहिलो. बॅटरी बॉनेटखाली. दिवा बॉनेटच्या टोकाला. दोघांत हातभर अंतर. पण करंट सरळ तिकडे जात नाही. तो आधी मागे डॅशबोर्डकडे जातो, तिथे स्विचमधून फिरतो, स्टेअरिंगजवळच्या अप्पर-डिपरच्या दांडीतून जातो, चिनीमातीच्या फ्यूजवरच्या हिरव्या पडलेल्या पट्टीवरून घासत निघतो, आणि मग तेवढीच वाट उलटी चालून पुढे येतो. शिशपेन्सिलीच्या शिसाएवढ्या तारेतून. तीस वर्षांचे जोड, गंज, कार्बन, प्रत्येक जण आपला वाटा कापून घेणारा. शेवटी दिव्यातून बाहेर पडल्यावर परत बॅटरीकडे जायला अर्थिंग लागतं, तर तो स्क्रू पत्र्याच्या गंजात बसलेला.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तानसा १८९२ सालचं, मोडकसागर १९५७ चं, आणि भातसा तर असं की मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या जवळपास वाटा त्या एकट्याचा. तिन्ही आमच्याच तालुक्यात. जाडजूड जलवाहिन्या आमच्या डोळ्यांदेखत मुंबईकडे जातात, आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. ते गाडीच्या बॉनेटखालीही चालू आहे याची कल्पना नव्हती. बॅटरी उशाला असून आमच्या दिव्याला टँकरवर दिवस काढावे लागत होते.

त्यातली आणखी एक गोम वायरमनने सांगितली आणि मेव्हण्यांचा सल्ला जागच्या जागी निकालात निघाला. तार बारीक असली की तिच्यातून जितका जास्त करंट खेचाल तितके जास्त व्होल्ट वाटेत गळतात. शंभर वॅटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. जुन्या बल्बांच्या दुप्पट. म्हणजे गळतीही दुप्पट. बल्ब जेवढा मोठा, तेवढं त्याच्या पानात कमी. आणि उरलेलं सगळं तारेत आणि स्विचमध्ये उष्णता होऊन बसणार. आमच्याकडे आत्ताच वीसेक वॅट असे वाटेत जळत होते. दांडीचा तो स्विच हाताला कोमट लागायचा. थंडीत बरं वाटायचं, म्हणून त्याबद्दल आमच्यापैकी कुणी कधी तक्रार केली नव्हती. शंभर-नव्वदने मात्र तो वितळला असता, हे मेव्हण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग स्विच मोठा टाका."

व्होल्ट थोडे कमी झाले तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. घरात कमी दाबाची वीज असली की पंखा फिरतोच की. दिव्याचं तसं नाही. बल्बची तार जेमतेम तापलेली असेल तर बहुतेक शक्ती नुसती ऊब म्हणून जाते. डोळ्याला दिसणारा उजेड ती पुरती पांढरी होईतो तापली तरच निघतो. म्हणून व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो, आणि व्होल्ट वीस टक्क्यांनी घटले तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो. आमचे साधारण तितकेच घटलेले. तो जो सुंदर पिवळसर रंग होता, ज्याला आमचे एक पाहुणे 'जुन्या काळचा शांत प्रकाश' म्हणायचे, तो अर्धपोटी बल्बचा रंग होता. एकाहत्तरच्या युद्धात मुंबईत ब्लॅकआऊट असताना गाड्यांचे दिवे काळे रंगवायचे. आमचे न रंगवता चालले असते.

यावर उपाय रिले. वायरमनने डबीतून काड्यापेटीपेक्षा लहान असा एक काळा ठोकळा काढला. खाली चार पाय, त्यांवर आकडे: ३०, ८५, ८६, ८७. जगभर हेच आकडे, जर्मन लोकांनी ठरवलेले. तीसला बॅटरीतून थेट जाड तार यायची, सत्त्याऐंशीतून ती बल्बकडे जायची. पंच्याऐंशीला अर्थिंग. आणि शहाऐंशीला, दिव्याकडे येणारी जुनी बारीक तार. तिच्यावर आता दिवा पेटवण्याचं ओझं नाही. ठोकळ्यातली गुंडाळी चुंबक होण्यापुरता, एका अँपिअरच्याही पाचव्या भागाएवढा करंट तिने आणला की पुरे. चुंबक आतली पट्टी ओढतो, टक् आवाज होतो, आणि बॅटरी हातभर अंतरावरून स्वतः दिव्याला वाढते. डॅशबोर्डाने आता फक्त कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं एवढं कळवायचं. अप्परला एक रिले, डिपरला एक. बॅटरीपाशी फ्यूज, कारण जाड तार कुठे पत्र्याला घासली तर गाडीच पेटेल. होल्डर चिनीमातीचे, आणि अर्थिंगची तार पत्र्यावर न सोपवता थेट बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत.

माझ्या सौभाग्यवतींना शंका आली: "एवढा मोठा करंट चालू-बंद करायचं काम त्या काड्यापेटीवर सोडायचं?"

याचं उत्तर आमच्या शेजारच्या मोटरमनकाकांनी दिलं. वाशिंदमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेली बरीच मंडळी आहेत, काका त्यांतले. सकाळी फिरायला निघतात, पण एखाद्या बॉनेटखाली दोन माणसं वाकलेली दिसली की त्यांचा थांबा होतो. "वहिनी," ते म्हणाले, "आमच्या वेळी कल्याण-कसाऱ्याला वर तारेत पंधराशे व्होल्ट डीसी होते. ते काय माझ्या हातातल्या हँडलमधून जात होते? मी इथे उभा राहिलो असतो का मग? माझ्या हँडलमध्ये एकशेदहा व्होल्टचा कंट्रोल. तो नुसता निरोप्या. खरा करंट डब्याच्या पोटाखाली कॉन्टॅक्टरमधून मोटारीला जायचा. हे त्याचंच पिल्लू आहे." मग ते रिलेकडे मायेने बघत राहिले. जन्मभर हजारो माणसं ज्याच्या भरवशावर घरी पोचवली, ती वस्तू या रूपात भेटेल असं त्यांना वाटलं नसावं.

जुनं वायरिंग उलगडायला लागला तेव्हा वायरमन प्रथमच बोलका झाला. ते वायरिंग नव्हतं, उत्खनन होतं. वरचा थर कुणी तरी चिकटपट्टीने बांधलेला, आतून साडीची किनार निघाली. त्याखाली लाल तारेला जोडलेली निळी, निळीला जोडलेली घरगुती टेपरेकॉर्डरची. एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चकाकता कागद. प्रत्येक मागच्या कारागिराला तो "हा आपला नाही" म्हणून नाकारत होता. तिसऱ्या थरात उंदराने कुरतडलेला भाग लागला. भाताच्या कापणीनंतर आमच्याकडे उंदीर गावात शिरतात आणि रबर त्यांना गोड लागत असावं. "याचं काम त्यातल्या त्यात बरं आहे," वायरमन म्हणाला. "निदान जोड नाय दिलेला."

परावर्तकही गेलेले होते. त्यांचा मुलामा उडून आतून तवा झालेला, म्हणजे व्होल्ट पोचले असते तरी उजेड बाहेर पडला नसता. कल्याणहून नवे सात इंची दिवे आणले, आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीचे, एच-४ बल्बचे, साठ-पंचावन्न वॅट. यात फसगत होऊ शकते. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा घेतला तर त्याचा डिपर कडेच्या गवताऐवजी समोरच्याच्या काचेवर चढतो. या बल्बला १३.२ व्होल्ट मिळाले तर अप्परला १६५० ल्युमेन आणि डिपरला १००० द्यावेत असं प्रमाण आहे. काम झाल्यावर होल्डरमध्ये मीटर टोचला. तेरा. वायरमनने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला, हीच त्याची टाळी. मग शाळेच्या भिंतीसमोर गाडी उभी करून खडूने रेघ मारली आणि झोत रेघेखाली बसवला. नियम १०६ मधल्या त्या माणसासाठी.

खरी परीक्षा मुरबाडकडच्या एका हळदीहून येताना झाली. अमावास्येच्या आसपासची हळद होती आणि कुणाचीही तब्येत बिघडली नाही. रस्ता दिसत होता. आधी आम्ही रस्ता आठवून चालवायचो; त्यात बऱ्याच गोष्टी आमच्या आठवणीपेक्षा बदललेल्या निघाल्या. विटांनी भरलेला, मागे एकही लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर वेळेवर दिसला. बिनपट्ट्यांचे गतिरोधक दिसले. डांबरावर रवंथ करत बसलेल्या गाई दिसल्या. खड्ड्यांबाबत म्हणायचं तर पूर्वी ते बसल्यावर कळायचे, आता आधी कळतात आणि मग बसतात. समोरून अप्पर आला की मीही डिपर करून शिष्टाचार पाळला. समोरच्याने तो पाळला नाही, पण 'लाईट लाव' असंही कुणी म्हणालं नाही.

फक्त आईचा विचार कुणी केला नव्हता. ती मागे बसते. एरवी अंधार पडला की जप सुरू करायची आणि वाशिंदला माळ ठेवायची. आता माळ हातातच राहिली आणि तिची मान दोन्ही सीटांच्या मधून पुढे आली. "अरे, ती गाय आपल्या वाड्याजवळच्यांची वाटते." "हा आंबा यंदा मोहरला नाही." "हे घर कुणी बांधलं रे एवढं?" किन्हवलीच्या अलीकडे झोत एका ओटीवर पडला आणि ती जवळजवळ ओरडली, "थांब, थांब! ही तर माझ्या चुलत नणंदेची ओटी!"

रात्रीचे साडेदहा वाजले होते. थांबावं लागलं. गेली कित्येक वर्षं आम्ही या ओटीवरून न थांबता जात होतो, याचा त्यांनी आधी हिशेब घेतला. मग भाकरी आली, सुकटीची चटणी आली, चहा आला, जुने फोटो आले. लग्नाला बोलावलं नव्हतं ते निघालं. बोलावलं होतं पण आला नाहीत, तेही निघालं. परत गाडीत बसलो तेव्हा आई भलतीच ताजीतवानी झाली होती.

"हळू चालव जरा," ती म्हणाली, "पुढच्या वळणावर तुझ्या मावससासऱ्यांचं घर आहे."

मी अप्परचा डिपर केला.